नोंद नाही म्हणजे नाही काय?

‘शोध घेतला असता नोंद आढळून येत नाही, सबब दावा सिद्ध होत नाही.’ या मजकुराचा कागद आपल्यापैकी अनेकांच्या घरी आलेला आहे. आमच्या घरी तो माझ्या थोरल्या भावाच्या मुलीच्या जातपडताळणीत आला. अनुसूचित जातीच्या दाव्याला १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. त्यापूर्वी आपले पूर्वज कोण होते आणि कोठे राहत होते याचा कागद दाखवावा लागतो. माझे आजोबा, म्हणजे मुलीचे पणजोबा, शाळेची पायरी कधी चढले नाहीत. वडील शाळेत गेले ते १९५२ साली. जमीन नव्हती, तेव्हा सातबाराचा प्रश्नच नव्हता. राहता राहिले गावचे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, जन्ममृत्यूचे रजिस्टर. त्यात नोंद आढळली नाही असे अभिलेख कक्षाने लिहून दिले, आणि सबब दावा सिद्ध होत नाही असे पडताळणी करणाऱ्यांनी लिहिले. वाक्याचा पहिला अर्धा भाग एका कचेरीचा, दुसरा अर्धा दुसऱ्या कचेरीचा. मधला ‘सबब’ कोणाचा, हे मला कोणीही सांगू शकले नाही.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलो आणि नोकरीची सारी वर्षे एका कारखान्याच्या संगणक विभागात नोंदींचे तक्ते सांभाळण्यात घालवली. त्यामुळे हा ‘सबब’ मला ओळखीचा वाटला. तर्कशास्त्रात त्याला स्वतःचा इतिहास आहे. तो आपल्या लोकांना माहीत असावा म्हणून हा लेख.

जर्मन गणिती फ्रेगे याने १८७९ साली विधानांची एक नवी मांडणी पुढे आणली. ‘अमुक हा तमुकाचा मुलगा आहे’ या वाक्यात अमुक-तमुकाच्या जागा रिकाम्या ठेवल्या की उरतो तो विधेयाचा साचा. त्यात नावे भरली की एक विधान तयार होते, आणि ते खरे असते किंवा खोटे असते. हा विषय पुढे नव्वद वर्षे तत्त्वज्ञ आणि गणिती यांच्यापुरताच राहिला. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड याने एक निबंध प्रसिद्ध केला आणि कचेऱ्यांतल्या माहितीला तो साचा लावला. कॉडचे म्हणणे थोडक्यात असे की, माहितीचा तक्ता म्हणजे एक विधेय आणि तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक खरे विधान. ‘नाव, गाव, जन्मसाल’ असा तक्ता असेल तर त्यातली एक ओळ म्हणते की, या नावाचा माणूस या गावी या साली जन्मला. तक्त्याला प्रश्न विचारणे म्हणजे त्या विधानांवरून अनुमान काढणे. आज बँकेपासून रेशन दुकानापर्यंतच्या बहुतेक नोंदी या पद्धतीने ठेवल्या जातात.

ओळ असेल तर विधान खरे, येथवर वाद नाही. परंतु ओळ नसेल तर काय समजायचे? कॉडच्या मांडणीत हा प्रश्न गुपचूप दबा धरून बसलेला होता. त्याला उजेडात आणले ते १९७७ साली फ्रान्समधील तुलूझ येथे भरलेल्या एका बैठकीने. तर्कशास्त्र आणि माहितीसाठे हाच तिचा विषय होता. तेथील निबंधांचे पुस्तक १९७८ साली निघाले, आणि त्यातील दोन निबंध आपल्या कामाचे आहेत. एक कॅनडाच्या रेमंड रायटरचा, दुसरा लंडनच्या कीथ क्लार्कचा.

रायटरने जे सांगितले ते एस.टी. स्टँडवरच्या वेळापत्रकावरून समजते. फळ्यावर रात्री अकराची गाडी लिहिलेली नाही, म्हणून अकराची गाडी नाही असे आपण धरून चालतो. जी गाडी सुटत नाही तिचे नाव फळ्यावर कोणी लिहीत नाही. लिहायला बसले तर साऱ्या राज्यातले फळे पुरायचे नाहीत. नसलेल्या गोष्टी असंख्य असतात, म्हणून फक्त असलेल्या लिहायच्या आणि न लिहिलेल्या खोट्या मानायच्या. या रीतीला रायटरने ‘बंदिस्त जगाचे गृहीत’ म्हटले. मला त्यात मोलाचा वाटतो तो ‘गृहीत’ हा शब्द. आपण येथे काहीतरी धरून चाललो आहोत, हे त्याने लपवले नाही. फळा पूर्ण लिहिलेला असेल तरच हे अनुमान टिकते. कंट्रोलरने अर्धाच फळा लिहून जेवणाची सुटी घेतली असेल तर प्रवासी फसतो, आणि त्यात गाडीचा काही दोष नसतो.

क्लार्कने याच प्रश्नाला दुसऱ्या अंगाने हात घातला. यंत्राने एखादे विधान सिद्ध करण्याचा प्रयत्न केला आणि सगळ्या वाटा संपल्या, तर ते विधान खोटे मानायचे, अशी रीत तेव्हा रूढ होत होती. सिद्ध करण्यातले अपयश हाच नकार. क्लार्कने विचारले की, ही रीत योग्य ठरायला आपण मनातल्या मनात आणखी काय कबूल केलेले असते? त्याचे उत्तर असे: नियमातल्या ‘जर’चे आपण ‘जर आणि तरच’ केलेले असते. ‘जुन्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली असेल तर दावा सिद्ध होतो’ हा एक नियम झाला. दाखला नाही म्हणून दावा फेटाळायचा असेल तर नियम बदलून ‘दाखल्यावरूनच सिद्ध होतो’ असा करावा लागतो. हा ‘च’ कायद्यात लिहिलेला नसतो. तो टेबलावर बसलेला माणूस आपल्या पदरचा घालतो, आणि बहुधा त्याला त्याची जाणीवही नसते.

कॉडनेही पुढे आपल्या मांडणीतली उणीव ओळखली. रकाना रिकामा असेल तर काय, याचा विचार करून त्याने १९७९ साली खरे आणि खोटे यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ हे तिसरे मूल्य घेतले. तेव्हा न्याय झाला असे वाटेल. पण तक्त्यांना प्रश्न विचारण्याची जी भाषा सर्वत्र रूढ झाली, त्या एस.क्यू.एल.मध्ये या तिसऱ्या मूल्याचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. ‘या अटीत बसणारी माणसे दाखव’ असे विचारले की ज्यांच्याबाबत उत्तर ‘माहीत नाही’ आहे ती माणसे गाळली जातात. त्यांना खोट्यांच्याच रांगेत उभे केले जाते. उलट, नवी ओळ आत घेताना जी कसोटी लावतात तिचे उत्तर ‘माहीत नाही’ आले तर ती ओळ बिनबोभाट आत जाते. तेथे अडवले जाते ते फक्त खोट्याला. एकाच भाषेत, एकच अज्ञान, एका दारात नापास आणि दुसऱ्या दारात पास! तरुणपणी मला हा त्या भाषेचा गबाळेपणा वाटे, आणि आमच्या विभागात आम्ही त्यावर विनोदही करायचो. आता त्यात मला एक सरळ गोष्ट दिसते. अज्ञानाला कोणत्या बाजूला ढकलायचे हे तर्कशास्त्र ठरवत नाही. ते कोणीतरी माणूस ठरवतो आणि नियमात लिहून ठेवतो. कायद्याच्या भाषेत यालाच पुराव्याचा भार म्हणतात.

या दोन्ही गोष्टी, म्हणजे कायदा आणि यंत्राचे तर्कशास्त्र, इंग्लंडात समोरासमोर आल्या. १९८१ चा ब्रिटिश नागरिकत्व कायदा १ जानेवारी १९८३ रोजी अमलात आला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील सर्गट, कोवाल्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी या कायद्याची कलमे प्रोलॉग नावाच्या तर्काधिष्ठित भाषेत, एकेक नियम करून उतरवली. त्यांचा निबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. कायद्याचे पहिले कलम असे आहे की, अंमल सुरू झाल्यावर ब्रिटनमध्ये जन्मलेली व्यक्ती, तिच्या जन्माच्या वेळी आई किंवा बाप ब्रिटिश नागरिक असेल अथवा तेथे स्थायिक असेल, तर नागरिक होते. हे यंत्राला सहज समजते. अडचण आली ती पुढच्याच पोटकलमापाशी. उघड्यावर टाकून दिलेले नवजात अर्भक सापडले तर? त्याचे आईबाप ठाऊक नाहीत, जन्माचे ठिकाण ठाऊक नाही. आपल्या कचेरीची रीत लावली तर ते कोणीच नाही. पण त्या कायद्याने म्हटले आहे की, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते अर्भक तेथेच, आणि नागरिक वा स्थायिक आईबापांच्या पोटी जन्मले असे मानावे. म्हणजे येथे अज्ञान लेकराच्या बाजूला झुकवले. न सापडल्याने जो निष्कर्ष निघतो तोही उलट दिशेचा: ते परके आहे असे सिद्ध करता आले नाही, सबब ते आपले. आणि उद्या नवी माहिती आली तर हा निष्कर्ष मागे घ्यावा लागेल, हेही त्या मंडळींना मांडावे लागले. लीथ नावाच्या अभ्यासकाने त्याच वर्षी त्यांच्यावर टीका केली की कायदा म्हणजे असे सुटे नियम नव्हेत. ती टीका मला बरीचशी पटते. पण कलम असे उतरवून काढले की ‘सबब’ कोठे बसलेला आहे ते बोट ठेवून दाखवता येते, एवढा उपयोग मला पुरेसा वाटतो.

त्याच देशाने पुढे काय केले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर इंग्रजांच्या न्यायबुद्धीचे फुकट गोडवे गायल्यासारखे होईल. १९४८ साली ‘विंडरश’ बोटीने वेस्ट इंडिजमधील माणसे इंग्लंडात कामाला आली आणि त्यानंतर अनेक वर्षे येत राहिली. १९७१ च्या कायद्याने, १ जानेवारी १९७३ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील लोकांना राहण्याचा हक्क दिला. परंतु त्याचा कागद त्यांच्या हाती दिला नाही. हक्क होता, ओळ नव्हती. बोटीतून उतरताना भरलेली जुनी कार्डे गृहखात्याने २०१० साली नष्ट केली. मग नियम कडक झाले आणि घरमालक, दवाखाने, मालक असे सगळेच कागद मागू लागले. आयुष्यभर तेथे राबलेल्या वृद्ध काळ्या माणसांना वर्षावर्षाच्या वास्तव्याचे पुरावे द्या असे सांगण्यात आले. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना कोठडीत ठेवले, काहींना हद्दपार केले. एप्रिल २०१८ मध्ये सरकारला माफी मागावी लागली. फळा पुसणारा हात आणि ‘फळ्यावर गाडी नाही’ म्हणणारे तोंड एकाच खात्याचे होते.

आता आपल्याकडे येऊ. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश तर्काच्या भाषेत लिहिला तर त्याचे दोन भाग पडतात: माणूस त्या राज्याच्या यादीतल्या जातीचा असावा, आणि तो हिंदू धर्म मानणारा असावा. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध आले ते १९९० मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत काय झाले? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. माणसे तीच, वस्ती तीच, पाणवठ्यावरची वागणूक तीच. बदलली ती नियमातल्या एका विधेयाची किंमत, आणि केंद्राच्या तक्त्यातून लाखो माणसे बाहेर पडली. राज्य झाल्यावर महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती बौद्धांना दिल्या हे खरे; परंतु केंद्राचे दार बंदच राहिले. नागपूरकडच्या एका राखीव जागेवरून निवडून आलेल्या मेश्राम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्म ‘मानणे’ याचा अर्थ तो उघडपणे जाहीर करणे असा घेतला. म्हणजे ज्याने छातीठोकपणे मी बौद्ध आहे असे सांगितले तो गेला; ज्याने कागदावर जुनी ओळ तशीच राहू दिली तो टिकला. खरे बोलणाऱ्याला दंड करणारा नियम तर्कदृष्ट्या निर्दोष असू शकतो, ही गोष्ट मला तर्कशास्त्राच्या वर्गात कोणी शिकवली नव्हती.

पडताळणीचा कायदा महाराष्ट्राने २००० साली केला. त्याच्या आठव्या कलमाने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. ‘माहीत नाही’ कोणत्या बाजूला जाईल ते येथे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्याबद्दल मी कायदा करणाऱ्यांना निव्वळ दोष देणार नाही. खोटे दाखले काढून आपल्या जागा लाटणारे लोक कमी नाहीत. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची पद्धत घालून दिली, तीही अशाच एका खोट्या जमातीच्या दाव्यावरून. दार सताड उघडे टाकले तर आत कोण शिरेल हे आपण पाहिलेले आहे. तेव्हा पडताळणीच नको, असे जे आपले काही कार्यकर्ते सभांतून म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. माझे भांडण त्या ‘च’शी आहे.

आणि या भांडणात आपल्याला परक्या पंडितांकडे जाण्याचीही गरज नाही. साधारण सातव्या शतकात होऊन गेलेल्या धर्मकीर्ती या बौद्ध आचार्याने ‘न्यायबिंदु’ या छोट्या ग्रंथात हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. अनुमानाला तो तीनच हेतू मानतो: स्वभाव, कार्य आणि अनुपलब्धी. अनुपलब्धी म्हणजे न आढळणे. समोरच्या जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही. पण धर्मकीर्ती लगेच अट घालतो: ती वस्तू दिसण्याजोगी असली पाहिजे, म्हणजे तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी सगळी परिस्थिती हवी. जी वस्तू देशाने, काळाने किंवा स्वभावाने आपल्या आटोक्याबाहेर आहे तिचे न दिसणे काहीच सिद्ध करत नाही. त्यातून फक्त संशय उरतो. टीकाकार येथे पिशाच्चाचे उदाहरण घेतात. पिशाच्च दिसत नाही एवढ्यावरून ते येथे नाही असे सिद्ध होत नाही, कारण ते दिसणारे नसतेच. (पिशाच्चे आहेत असे कोणी समजू नये, मुद्दा अनुमानाचा आहे.) संशय हे तिसरे उत्तर झाले. त्याला नकाराच्या खात्यात घालायला धर्मकीर्ती मनाई करतो. रायटरच्या आधी तेराशे वर्षे बंदिस्त जगाची हद्द आखून दिलेली होती.

हा ग्रंथ आपल्याला सहज मिळाला असेही नाही. रशियन पंडित श्चेरबात्स्की याने १९३० ते १९३२ या काळात लेनिनग्राडहून बौद्ध तर्कशास्त्रावरचे दोन खंड काढले, तेव्हा जगाचे त्याकडे लक्ष गेले. धर्मकीर्तीचा मोठा ग्रंथ ‘प्रमाणवार्तिक’ तर मूळ संस्कृतात नष्ट झाला असेच मानले जात होते. फक्त तिबेटी भाषांतर उरले होते. राहुल सांकृत्यायन १९३० च्या दशकात पुन्हा पुन्हा तिबेटात गेले आणि तेथल्या मठांतून त्यांनी त्याच्या पोथ्या शोधून आणल्या. भारतातल्या पोथ्यांत नाही, सबब नाही असे म्हणून ते घरी बसले असते तर?

धर्मकीर्तीची अट आता शाळेच्या रजिस्टरला लावून पाहा. ज्या गावच्या शाळेत अस्पृश्याच्या पोराला ओटीवरसुद्धा बसू देत नव्हते, त्या शाळेच्या १९४० च्या रजिस्टरमध्ये त्याचे नाव नसणे हे पिशाच्चाच्या न दिसण्यासारखे आहे. ते असते तर दिसले असते असे म्हणताच येत नाही, कारण असूनही ते तेथे लिहिले जाणार नव्हते. मला एकदा असेही वाटले होते की याच्या पुढे जावे. धूर दिसला की अग्नी आहे असे आपण कार्यावरून कारण काढतो. तसे रजिस्टरमध्ये नाव नसणे हेच अस्पृश्यतेचे कार्य, तीच तिची खूण, असे म्हणावे. भाषणात हे वाक्य टाळ्या घेईल. पण तर्काला ते टिकत नाही. इतर जातींच्या गरीब घरांतली पोरेही गुरे राखत होती, मुली तर सगळ्याच जातींच्या बाहेर होत्या. अग्नी नसलेल्या ठिकाणीही सापडतो असा हा हेतू आहे. त्याला आपल्या आचार्यांनी अनैकान्तिक म्हटले असते. आपल्या बाजूचे वाक्य असले तरी खोटे नाणे चालवू नये.

पुरावा तुटलेला असेल तर काय करावे, या प्रश्नाला बाबासाहेबांना स्वतः तोंड द्यावे लागले होते. अस्पृश्य मूळचे कोण या विषयावरच्या १९४८ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी प्रत्यक्ष पुरावा नाही हा आक्षेप घेऊन त्याचे उत्तर दिले आहे. साखळीतले दुवे हरवले असतील तर हात जोडून बसायचे नाही. परिस्थितिजन्य पुराव्यावरून तर्काने मधली जागा भरायची, आणि ती भरली आहे हे सांगायचे. लिहिणारे हात ज्यांचे नव्हते त्यांचा इतिहास दुसऱ्या कोणत्या मार्गाने लिहिता येईल?

कचेऱ्यांतही ही वाट अगदी बंद नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली असे ठरवले की बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला एकदा नीट चौकशीने वैधता मिळाली असेल तर, त्यात फसवणूक आढळल्याखेरीज, दुसऱ्याला पुन्हा शून्यापासून पुरावा मागू नये. तर्काच्या भाषेत ही अनुमानाची आणखी एक वाट उघडली, ‘च’ थोडा ढिला झाला. संगणकाच्या अभ्यासकांनीही १९९० च्या दशकात कबूल केले की सगळे जग एकदम बंदिस्त मानू नये. कोणता भाग पूर्ण लिहिलेला आहे ते तक्त्यागणिक सांगावे आणि तेवढ्यापुरतेच ‘नाही’ म्हणावे. हे रजिस्टर या सालापासून या सालापर्यंत पूर्ण आहे, एवढी एक ओळ प्रत्येक रजिस्टरला जोडली तर पुष्कळ घरांतली रड थांबेल.

आमच्या प्रकरणात नेमके हेच झाले, आणि ते योगायोगाने झाले. भाऊ खचला होता. मुलीची एक संधी तोवर हातची गेली होती. मी एका सकाळी अभिलेख कक्षात गेलो आणि तेथल्या लिपिकाला म्हणालो, “भाऊसाहेब, नोंद आढळली नाही असे तुम्ही लिहिलेत. ते पुस्तक मला बघू द्या.” तो मुलगा भला होता. “काका, बघायचं तर बघा,” म्हणून त्याने गाठोडे सोडले. मोडी आणि बाळबोध अशा दोन्ही लिप्यांत लिहिलेले कोतवाल बुक होते. १९३६ पर्यंतची पाने शाबूत होती. पुढे थेट १९४९ लागले. मधल्या वर्षांची पाने वाळवीने खाल्ली होती. शिवणीत फक्त तुकडे उरले होते. वडिलांचा आणि दोन्ही चुलत्यांचा जन्म त्याच वर्षांतला.

मी त्याला विचारले की, जी पाने नाहीत त्यांत नोंद आढळली नाही असे कसे लिहिता येईल? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमच्याकडं छापील नमुना एकच आहे, काका. त्यात तेवढंच वाक्य आहे.” दुपारी त्याने साहेबांना विचारून हाताने नवे पत्र लिहिले: सन १९३७ ते १९४८ या कालावधीचे अभिलेख जीर्ण होऊन नष्ट झाल्याने उपलब्ध नाहीत. हे पत्र आणि शाबूत पानांत सापडलेली, आजोबांच्या थोरल्या भावाच्या मुलाची १९३३ सालची जन्मनोंद, अशी दोन्ही जोडून आम्ही पुन्हा अर्ज केला. सात महिन्यांनी दावा मान्य झाला. जुने पत्रही फाईलमध्ये तसेच आहे, त्याच्यावर जावक क्रमांक आहे, आणि ते कोणी रद्द केलेले नाही.